आत्याबाईच्या नावाचा घास

आमच्या गावातील शाळेत शिकलेल्या लहानमोठ्या मुलांपैकी झुंबरबाईच्या हातची खिचडी न खाल्लेले मूल सापडणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी जो आहार मिळतो, तो शिजविण्याचे काम ती पुष्कळ वर्षांपासून करीत आहे. मूल ताट कसे धरते, यावरून ते घरून काही खाऊन आले आहे की नाही, हे तिला समजते. अशा मुलाला ती काही विचारीत नाही. त्याच्या ताटात थोडे अधिक वाढते आणि दुसरीकडे पाहते.

झुंबरबाई माझी शेजारीण आहे. मिशनच्या प्रौढ वर्गात सिस्टरांनी आम्हाला सांगितले की, ज्या माणसाविषयी तुम्हाला खरे माहीत आहे, त्याच्याविषयी लिहा. मी तिची परवानगी मागितली. ती म्हणाली, "लिहा बाई, पन आत्याबाईले वाईट लिहू नका." आत्याबाई म्हणजे तिची सासू जनकाबाई. मी वाईट लिहिणार नाही. जे घडले, ते घडलेल्या क्रमाने लिहीत आहे.

आमचे गाव जानेफळपासून आत, मेहकर तालुक्यात आहे. गावात हिंदू शेतकऱ्यांची व बौद्धांची घरे अधिक आहेत. ओढ्याच्या अलीकडे आम्हा कॅथलिकांची थोडी घरे आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला, परंतु हाक मारण्याची नावे जुनीच राहिली. झुंबरबाईचे बाप्तिस्म्याचे नाव मोनिका आहे. त्या नावाने हाक मारल्यास ती मागे वळून पाहणार नाही. फादर महिन्यातून एकदा येऊन मिस्सा, म्हणजे देवळातील मोठी उपासना, करतात. इतर रविवारी धर्ममास्तर प्रार्थना घेतात.

येथे मला एका शब्दाविषयी सांगणे आवश्यक वाटते. मिस्सेमध्ये फादर जी पांढरी, पातळ, गोल भाकर प्रत्येकाला देतात, तिला पुस्तकात ख्रिस्तशरीर म्हणतात; तिच्या रूपात ख्रिस्त स्वतः येतो, असे आम्ही मानतो. आमच्या वस्तीत तिला घास म्हणतात. अगदी पहिल्या धर्ममास्तरांनी हा शब्द दिला, असे जुनी माणसे सांगत. शब्द सोपा आहे आणि लहान मुलालाही समजतो. परंतु आमच्याकडे घासाला पूर्वीपासूनचे नियम आहेत. ज्याच्या नावाने घास काढून ठेवला, तो त्याचाच असतो. दुसऱ्याने तो खायचा नाही. आणि सासू जेवल्याशिवाय सुनेने तोंडात घास घालायचा नाही. ज्या मास्तरांनी शब्द दिला, त्यांनी हे नियमही शब्दामागून देवळात येतील, असा विचार केला नसावा.

जनकाबाई उंच, हाडापेराने मजबूत आणि जिभेने तिखट होती. तिचा एकुलता मुलगा शेषराव विहिरीचे खोदकाम करताना अंगावर दरड पडून गेला. त्याला मूल नव्हते. झुंबरबाईच्या माहेरची माणसे तिला नेण्यासाठी आली, तेव्हा जनकाबाई दारात आडवी उभी राहिली.

"पोरगा गेला माहा. आता सून बी नेता? मंग मले बी घाला गाडीत. मी बी येतो तुमच्या घरी जेवाले. पन सांगून ठेवतो, मले चार भाकरी लागते."

पाहुण्यांना त्या दुःखातही हसू आले. ते सुनेला न घेता परत गेले.

त्यानंतर त्या दोघीच त्या घरात राहिल्या. एका वर्षी ज्वारी हाती लागली नाही. दुरडीत एकच भाकर असे. सासूच्या आधी सून जेवणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होते. जनकाबाई रोज तोंड पुसत ओसरीवर येई आणि म्हणे, "मी जेवली व. तू बस." झुंबरबाई बसे आणि ती भाकर खाई. पुष्कळ दिवसांनी तिला समजले की, सासू केवळ पाणी पिऊन तोंड पुसत होती. त्यावरून त्यांचे मोठे भांडण झाले. ते भिंतीपलीकडून मी स्वतः ऐकले आहे.

"खोटं काऊन बोलल्या?"

"तुही रीत मोडू नये म्हनून."

"रीत गेली चुलीत!"

"चुलीत घालाले दुसरं होतं तरी काय त्या वक्ती?"

असे म्हणून जनकाबाई हसू लागली. झुंबरबाई हसली नाही. त्या दिवशी तिने भांडी फार आपटली.

म्हातारपणी जनकाबाईचा घसा निकामी झाला. अन्न खाली उतरेना. पुढे आवाजही बसला. तेव्हापासून ती उशाशी स्टीलचा पेला ठेवीत असे आणि काही हवे असल्यास तो फरशीवर वाजवीत असे. शेवटच्या दिवसांत ती पुन्हा पुन्हा पेला वाजवी आणि ओठ हलवी. कान जवळ नेल्यावर समजे. ती "माहा घास" म्हणत असे. भाताची पेज पुढे केली, तर ती मान फिरवी. साखरेचे पाणी दिले, तरी मान फिरवी. "येसूचा घास," ती म्हणाली.

आजाऱ्याला घास घरी आणून देण्याचे काम फादरांचे आहे किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाचे. आमच्याकडे असा माणूस नेमलेला नव्हता, आणि तेव्हाचे फादर ध्यानसाधनेसाठी दूर गेले होते. त्याच आठवड्यात मिशनच्या मोठ्या देवळाचा सण होता. झुंबरबाईने मला सासूजवळ बसवले आणि सकाळच्या गाडीने ती तेथे गेली. मंडपात गर्दी होती. मिस्सा करणारे फादर बाहेरगावचे होते. ज्यांना सांगायला हवे, त्यांच्यापर्यंत तिला पोहोचता आले नाही. करोनाच्या साथीपासून घास जिभेवर न देता हातावर देऊ लागले आहेत. रांग पुढे सरकली तेव्हा तिने हात पुढे केला, आमेन म्हटले, बाजूला झाली आणि घास पदराच्या टोकाला बांधला.

वाचकांनी तिला चोर समजू नये. आमच्याकडे कोठेही प्रसाद मिळाला, तर जो येऊ शकला नाही त्याचा वाटा पदरात बांधून आणतात. भंडाऱ्याची बुंदी असो की नारळाचा तुकडा, गावातील सर्व जातीधर्माच्या बाया असेच करतात. घरी पडलेल्या माणसाचा वाटा विसरणे, हीच आमच्याकडे लाजेची गोष्ट आहे. झुंबरबाईने आयुष्यभर जे योग्य मानले, तेच तेथे केले. घास देवळाबाहेर नेऊ नये, हे तिला कोणी सांगितले नव्हते. असे कोणी करील, हे सांगणाऱ्यांच्या मनातही आले नसेल.

इकडे जनकाबाईचा श्वास लांबत चालला होता. तिने दोन-तीन वेळा पेला वाजवला आणि ओठ हलवून विचारले, "झुंबर आली का?" मी म्हणाले, "येऊन राह्यली." नंतर तिने तोंड उघडले आणि उघडेच ठेवले. देवळात घास घेण्यासाठी पूर्वी आम्ही जसे तोंड उघडीत असू, अगदी तसे. मी चमच्याने पाणी सोडले. ते ओठांच्या कडेने वाहून उशीवर गेले.

झुंबरबाई गाडीतून उतरून धावत आली, तेव्हा अंगणात माणसे जमली होती. तिने पदराचे टोक मुठीत धरले होते. इतर बाया मोठ्याने रडल्या; ती रडली नाही. सासूला शेवटची आंघोळ तिने एकाच हाताने घातली. "दुसरा हात लाव ना व," असे कोणीतरी म्हणाले. तिने लावला नाही. आम्हाला ते विचित्र वाटले.

पुढील महिन्यात मिस्सा झाली. घास घेण्यासाठी सर्व उठले. झुंबरबाई उठली नाही. त्याच्या पुढील महिन्यातही उठली नाही. आमच्या देवळात जो रांगेत उभा राहत नाही, त्याच्याकडे सर्वांचे डोळे जातात. त्याचे पाप मोठे आहे, असे धरले जाते. तिच्याविषयी नाना प्रकारचे बोलणे सुरू झाले. सासूला शेवटी पाणी दिले नाही, असेही कोणी बोलले. मी तेथे होते, म्हणून ते खोटे आहे हे मला माहीत होते आणि मी तसे सांगितले. परंतु ती का उठत नाही, हे मलाही सांगता येईना.

शाळेत तिच्यासोबत सारिका नावाची बाई स्वयंपाक करते. ती आमच्या धर्माची नाही, परंतु गावातील कोणतीही गोष्ट तिच्यापासून लपत नाही. एके दिवशी मी नातवाची वही देण्यासाठी शाळेत गेले असता त्यांचे बोलणे चालले होते.

"काय व झुंबरबाई, तुमचा देव रुसला का तुह्यावर? रांगेत उभी नाही राहत म्हने."

"भूक नाही."

"अठी खिचडी खात नाही, तठी घास खात नाही. हवेवर चालून राह्यली का तू? मले बी शिकव. माह्या घरी सहा तोंडं हायत."

"सहात तुहं धरलं का? ते एकलंच चौघाचं हाय."

सारिका मोठ्याने हसली आणि झुंबरबाईही हसली. परंतु हसताना तिच्या गालांची हाडे मला दिसली. ती खरोखरच खात नव्हती. पोरे जेवून उठल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहील, त्यातील एक मूठ उभ्यानेच तोंडात टाकी, आणि तेही रोज नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती चुलीपुढे भोवळ येऊन पडली. पदर विस्तवाजवळ गेला होता. सारिकेने ओढला म्हणून वाचली. सारिकेने आणि मी तिला घरी आणले. सारिका गेल्यावर मी म्हणाले, "तू मरशीन अशानं. काय झालं ते सांग."

तिने कोनाड्याकडे बोट दाखवले. कोनाड्यात मरियामातेची तसबीर होती. तसबिरीपुढे पाण्याने भरलेली ताटली, ताटलीत उलटी वाटी आणि वाटीवर जनकाबाईचा पितळी करंडा ठेवला होता. पाणी मुंग्यांसाठी होते. ते ती रोज बदलीत असे.

"काय हाय त्याच्यात?"

"आत्याबाईचा घास."

मग तिने मला सर्व सांगितले. आम्ही ज्याला गुडघे टेकतो, तो त्या लहानशा करंड्यात इतके दिवस माझ्या भिंतीपलीकडे होता, आणि मी त्याच भिंतीला टेकून मिरच्या निवडीत होते.

"तू खाऊन काऊन नाही घेतला?" मी विचारले.

"तिच्या नावाचा हाय."

"ती गेली आता."

"गेली म्हनून तिचा वाटा मी खाऊ?"

"बरं, तो राहू दे. तुहा तू देवळात घे."

"तिच्या आधी?" ती म्हणाली. "बाई, एकदा तिनं मले फसवून जेवू घातलं. आता तिले फसवून जेवनं माह्यानं होत नाही."

थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "आणि ती मागते."

"कशी मागते?"

"भाकर मोडली का पेला वाजते."

मी तिला बळेच ताटावर बसवले. माझ्या घरून आणलेली भाकर तिच्यापुढे ठेवली. तिने तुकडा मोडला. आतल्या खोलीत फरशीवर टक असा आवाज झाला. एकदाच झाला. आत मांजर नव्हते. मी उठून पाहिले. जनकाबाईचा पेला घडवंचीवर पालथा होता. आवाज झाला, असे मी शपथेवर लिहू शकत नाही. झाला नाही, असेही मला लिहिता येत नाही. झुंबरबाईने तुकडा ताटात परत ठेवला आणि दाराकडे पाहून म्हणाली, "हाव, हाव." जिवंत माणसाला म्हणतात तसे ती म्हणाली.

मी तिला फादरांना सांगण्याचा आग्रह केला. ती ऐकेना.

"ते घेऊन जाईन तो घास. मंग ती उपाशीच राहीन."

"आणि नाही नेला तर? ती जेवन असा काही उपाय सांगतला तर?"

तिने कोनाड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "जेवली तर जाईन ना व ती. मंग या घरात मले हाक माराले कोन हाय?"

तेव्हा मला तिची खरी अडचण समजली. भूक म्हणजे पोटातील रिकामी जागा, असे मी समजत होते. ती जागा भरली की भूक गेली, इतकेच मला माहीत होते. परंतु त्या घरात भूक ही माणसासारखी राहत होती. तिला अंथरूण होते, आवाज होता. तिला घालवून दिले, तर घरात एकच माणूस उरणार होते. देवळात आम्ही रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करतो, तेव्हा कोणाच्या घरात भूक अशी राहत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता.

ईस्टरनंतर फादर घरोघरी जाऊन आशीर्वाद देतात. या वर्षी फादर राजकुमार नवीन आले होते. ते वसईकडचे आणि वयाने लहान आहेत. आमची बोली त्यांना अर्धी समजते. म्हणून बाया मला त्यांच्यासोबत पाठवतात. झुंबरबाईच्या घरी त्यांनी पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली आणि ते कोनाड्यापुढे थांबले.

"मावशी, हे पाण्यात काय ठेवले आहे?"

झुंबरबाईने माझ्याकडे पाहिले. नंतर तिने खरे सांगितले. "आत्याबाईचा घास."

फादरांना वाटले, मृतांच्या नावाने अन्न ठेवले आहे. ते समजावण्याच्या स्वरात म्हणाले, "आपण मृतांसाठी अन्न ठेवत नाही, मावशी. त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. हे आता काढून टाकू या." आणि त्यांनी करंड्याचे झाकण उचलले.

झाकण त्यांच्या हातातच राहिले. ते गुडघ्यांवर आले. पवित्र पाण्याची बाटली लवंडली आणि पाणी फरशीवरून वाहत उंबऱ्याकडे गेले, तिकडे त्यांनी पाहिले नाही. मी आणि झुंबरबाईही गुडघे टेकून बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हा येथे कसा आला?"

तिने सांगितले. जे शब्द त्यांना समजले नाहीत, ते मी सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले. कारण त्यांचा आवाज घाबरलेला होता.

"त्याच दिवशी तुम्ही तो स्वीकारायला हवा होता, मावशी."

"सासूच्या आधी?"

फादरांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांना नियम सांगितला.

"मग मी घेतो. आत्ता घेतो."

"तुमच्या बी नावाचा नाही तो," झुंबरबाई म्हणाली.

दुसरा प्रसंग असता, तर मला हसू आले असते. फादर मात्र गंभीरपणे म्हणाले, "हा कोणा एकाच्या नावाचा नसतो. प्रत्येकाला वेगळा दिला, तरी तो एकच असतो."

"ते तुमचं खरं असंन, फादर. पन ती उपाशी गेली. तोंड उघडं ठेवून गेली. या बाईनं पाह्यलं."

मी मान डोलावली. फादर भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ते प्रार्थना करीत होते की विचार करीत होते, हे मला समजले नाही. नंतर ते म्हणाले, "आणखी एक रीत आहे. चर्चची जुनीच रीत आहे. घास पाण्यात ठेवतात. तो पूर्ण विरघळला, भाकरीचे रूप उरले नाही, की ते पाणी स्वच्छ जमिनीत सोडतात. जेथे कोणाचा पाय पडत नाही अशा जमिनीत."

"कोनत्या जमिनीत?"

"कोणत्याही स्वच्छ जमिनीत."

"आत्याबाईच्या मातीवर सोडता येते का?"

फादरांनी करंड्याकडे पाहिले. मग म्हणाले, "येते."

झुंबरबाईने मान खाली घातली. तिने होकार दिला, असे फादर समजले. परंतु मला माहीत होते की, ती अजून काहीच ठरवू शकली नव्हती. ती आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत होती. मी तिच्या हातावर हात ठेवला, तो तिने बाजूला केला.

"मले सोबत पाहिजे म्हनून तिले भुकी ठेवनं," ती कोणाकडेही न पाहता म्हणाली, "हे बरं नाही." आणि मला म्हणाली, "बाई, माठातलं पानी आना."

मी काचेची वाटी घासून पाण्याने भरून आणली. फादरांनी स्वतःच्या हाताने घास पाण्यात ठेवला. त्यांना पुढील गावी जायचे होते. त्यांनी फोन करून आज येत नाही, असे सांगितले. आम्ही तिघे वाटीभोवती बसलो. बाहेर वैशाखाचे ऊन होते. घास पाण्यावर तरंगत होता. नंतर तो जड झाला. आधी कडा गेल्या, मग मध्यभाग कागदासारखा सुटू लागला. इतके दिवस कोरडा राहिलेला तो घास फार सावकाश विरघळत होता. माझ्या मांड्या अवघडल्या, परंतु उठावेसे वाटले नाही. एखाद्या आजाऱ्याला भरवताना घरातील माणसे जशी त्याच्या गळ्याकडे पाहत राहतात, तसे आम्ही वाटीकडे पाहत होतो.

मध्येच आतल्या खोलीत आवाज झाला. या वेळी फादरांनीही मान वर केली. आत कोण आहे, असे त्यांनी विचारले नाही. झुंबरबाई हळूच म्हणाली, "आनतो, आनतो. दम धरा."

फादरांनी क्रूसाची खूण केली आणि पुन्हा वाटीकडे पाहू लागले.

उन्हे उतरल्यावर पाण्यात काही दिसेनासे झाले. फादरांनी वाटी उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिली. मग आम्ही ओढ्यापलीकडील दफनभूमीकडे गेलो. जनकाबाईच्या मातीवर लाकडी क्रूस आहे आणि शेळ्यांनी तुडवू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकल्या आहेत. फादरांनी काट्या बाजूला केल्या, थोडी प्रार्थना म्हटली आणि वाटी झुंबरबाईच्या हातात दिली.

ती वाटी धरून उभी राहिली. वाटी कलती करणे तिला होईना. पाणी काठापर्यंत येऊन परत जात होते. फादर पुढे झाले, तेव्हा मी त्यांना मागे ओढले. फादरांच्या अंगाला हात लावणे योग्य नव्हे, परंतु मी ओढले.

"आत्याबाई," झुंबरबाई म्हणाली, "उशीर झाला मले. गाडी नाही भेटली लवकर. घ्या, जेवून घ्या."

आणि तिने वाटी कलती केली. माती दिवसभराच्या उन्हाने तापलेली होती. पाणी पडताच नाहीसे झाले. ओल राहिली, तीही आमच्या डोळ्यांदेखत सुकत गेली. झुंबरबाई कान देऊन उभी होती. ती कशाची वाट पाहत आहे, हे मला माहीत होते. मीही कान दिला. रानातून एक पक्षी ओरडला, एवढेच. परत येताना ती फादरांच्या बाटलीतून सांडलेल्या पाण्याविषयी बोलत होती. घरात पाय घसरेल, पुसून घ्यायला हवे, असे म्हणत होती. त्या दिवसाविषयी दुसरे काही बोलली नाही.

पुढील मिस्सेला ती रांगेत उभी राहिली. बायांनी एकमेकींना कोपराने खुणावले. सर्वांनी हात पुढे केले होते; तिने हात पुढे केला नाही, जुन्या रीतीप्रमाणे तोंड उघडले. फादर राजकुमारांनी घास तिच्या जिभेवर ठेवला. परत येताना तिने कोणाकडे पाहिले नाही. मी तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होते. तो होता, असे लिहिले तर वाचणाऱ्यांना बरे वाटेल. परंतु मला तो दिसला नाही. रिकाम्या घरातून बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा तो होता.

त्याच दिवशी दुपारी तिने मला जेवायला बोलावले. मी विचारले, "कसं वाटलं?"

"चव नाही व त्याले काही. मले वाटलं, इतक्या दिवसानं चव लागन."

"आता पेला वाजते का?"

"नाही."

"मंग बरं झालं ना?"

"हाव. तिच्यासाठी बरं झालं." ती तव्यावरची भाकर उलटवीत होती. "घर लई मोठं वाटते, बाई. इतकं मोठं नोहतं हे."

"भूक लागते का आता?"

"लागते ना. पह्यले तिची लागे. आता माही लागते."

तिने दोन ताटे केली. बेसन, भाकर, कांदा. ती माझ्यासमोर बसली. भाकर मोडली, आणि तुकडा हातात धरून थांबली. मीही थांबले. आतल्या खोलीचे दार उघडे होते. कोठेतरी लांब ट्रॅक्टर चालला होता, त्याचा आवाज येत होता. दुसरा कोणताही आवाज आला नाही. आम्ही दोघी किती वेळ तशा बसलो, मला सांगता येणार नाही.

मग तिने तुकडा बेसनात बुडवला आणि खाल्ला. मी वयाने मोठी आहे, पाहुणी आहे, आणि अजून मी ताटाला हातही लावला नव्हता. तिने कोणाच्या आधी घास घेतलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. ती सावकाश चावत होती.

"मीठ कमी पडलं व," ती म्हणाली आणि उठली.

मिठाची बरणी आतल्या खोलीत असते. ती दाराशी गेली आणि उंबऱ्यावर थांबली. आत कोणी निजलेले असले म्हणजे माणूस जसा थांबतो, तशी थांबली. मग पायांचा आवाज न करता ती आत गेली. ती बाहेर येईपर्यंत मी हात आवरून बसून राहिले.